अडचण जागेची हवी

नकाशेवाल्याने आमच्याकडून एकच गोष्ट घोकून घेतली होती. नगरपालिकेच्या समितीपुढे अडचण सांगायची ती जागेची. माणसाचं नावसुद्धा काढायचं नाही. जागा अरुंद आहे, जिना घरातून आहे, मागे वाढवायला वाव नाही, एवढं म्हणायचं आणि गप्प बसायचं. मी म्हटलं, अहो, पण खोली हवीय ती माणसासाठीच ना? जागेला काय खोलीची हौस आलीय? तो हसला आणि म्हणाला, "वहिनी, जमिनीला दुखलं तर कायदा विचारपूस करतो. माणसाला दुखलं तर डॉक्टरकडे जा म्हणतो." मला त्याचं बोलणं मुळीच पटलं नाही, पण घरांचे नकाशे काढणारा तो आणि पोळ्या लाटणारी मी, म्हणून गप्प बसले. तशीच गप्प राहिले असते तर बरं झालं असतं.

आमचं घर म्हणजे खाली यांचं चष्म्याचं दुकान, दुकानामागे स्वयंपाकघर आणि मधून एक उभा जिना. झोपायच्या खोल्या, संडास, न्हाणीघर, सगळं वर. सासूबाई याच जिन्यावरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडून बसल्या. हाड जुळलं, पण डॉक्टरांनी जिना कायमचा बंद केला. ज्या बाईने उभा जन्म दुकानाच्या गल्ल्याशी स्टूल टाकून काढला, गिऱ्हाइकाला तोंडावर "ही फ्रेम नको, घुबड दिसाल" म्हणून सांगितलं, ती आता वरच्या खिडकीशी बसून खालची बोलणी ऐकायची. कान असे तिखट, की मी स्वयंपाकघरात डब्याचं झाकण उघडलं तरी वरून आवाज यायचा, काय शोधतेस गं?

आमचं दोघींचं काही साखरेसारखं नव्हतं. दोघी फटकळ, दोघींना शेवटचा शब्द आपला हवा. पण एकदा मी त्यांचे केस विंचरत होते, तेव्हा त्या एकाएकी म्हणाल्या, "मला खाली घ्या गं. इथे मला माझाच आवाज ऐकू येतो." मला गलबलून आलं. त्या दिवसापासून मी यांच्यामागे भुणभुण लावली.

घराच्या उजव्या अंगाला एक मोकळी पट्टी आहे. कुंपणापासून तीन मीटर जागा उघडी सोडायची, असा आमच्या भागातला नियम. आम्ही तिथे मोडक्या खुर्च्या आणि दुकानाची जुनी पाटी ठेवून नियम पाळत होतो. तिथे एक खोली काढायची, तिला लागून संडास आणि न्हाणी, आणि दार थेट दुकानात, म्हणजे सासूबाई काठी टेकत टेकत गल्ल्यावर जाऊन बसतील. पण त्यासाठी नियमातून सवलत हवी आणि ती देणार समिती. समिती आधी शेजाऱ्याला विचारते. आमच्या पट्टीकडे तोंड करून एकच खिडकी आहे, ती मास्तरांची. मास्तर निवृत्त, एकटे, दिवसभर त्या खिडकीत पुस्तक घेऊन बसतात, कारण त्यांच्या घरात उजेड येतो तो तेवढाच. सासूबाई धडधाकट होत्या तेव्हा पट्टीत उभ्या राहून त्यांच्याशी तास तास बोलायच्या; मास्तर त्यांना वहिनी म्हणतात. मास्तरांनी आम्हाला आधीच सांगून टाकलं, की मी भांडणार नाही, पण विचारलं तर खरं ते बोलेन.

आता आमचे हे. माणूस सोन्यासारखा, पण मुखदुर्बळ. दिवसभर गिऱ्हाइकाच्या नाकावर काचा बदलायच्या आणि "हे बरं दिसतं, की हे?" एवढंच विचारायचं. तेवढ्या एका वाक्यावर आमचा संसार झाला. यांना समितीपुढे एकटं उभं करून भागणार नव्हतं. म्हणून मी ठरवलं, की सासूबाईंना सोबत न्यायचं. कागदावर म्हातारं माणूस दिसत नाही, डोळ्यांनी बघितलं की दगडालाही पाझर फुटेल. नकाशेवाल्याने कपाळाला हात लावला. हेही नको म्हणाले. मी कोणाचं ऐकते? सासूबाई मात्र खुलल्या. ठेवणीतले कपडे काढायला लावले, तोंडाला पावडर लावली, आणि मला म्हणाल्या, "मी रडायचं, की नुसतं बघायचं?" मी म्हटलं, तुम्ही नुसत्या बसा, बाकी मी बघते.

यांनी आणि माझ्या भावाने त्यांना हात असलेल्या खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवलं. वळणावर खुर्ची अडकली, तेव्हा त्या भावाला म्हणाल्या, सांभाळ रे, उरलेला खुबा शाबूत आहे अजून. दुकानातून जाताना त्यांनी खुर्ची थांबवायला लावली आणि गल्ल्याच्या फळीवरून बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली. ती त्यांनी मला दाखवली.

सुनावणीची खोली पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. ज्या कचेरीत जिन्याच्या त्रासाची दाद मागायची, तिचाच जिना चढवून न्यायचं म्हणजे कमालच झाली. भावाचा शर्ट घामाने पाठीला चिकटला. आम्ही आत शिरलो तेव्हा रस्त्याच्या टोकाच्या मोठ्या इस्पितळाचं प्रकरण चालू होतं. त्यांना नियमाने सोडलेल्या जागेत जनरेटरची शेड घालायची होती. त्यांचा वकील म्हणाला, प्लॉट त्रिकोणी आहे, शेडला कोपऱ्याशिवाय जागाच नाही. समितीने नकाशा बघितला, मान हलवली, झाली मंजुरी. चहा निवायच्या आत सगळं संपलं. नकाशेवाला माझ्या कानाशी पुटपुटला, बघा, जागेची अडचण. आमचा प्लॉट मेला सरळ. नको तिथे सरळ.

आमचं नाव पुकारलं. अध्यक्षबाई चांगल्या वाटल्या, चष्मा कपाळावर चढवून शांतपणे बोलणाऱ्या. त्या काही वाईट वागल्या नाहीत, याचाच मला जास्त राग येतो. कोणीतरी तोंड वेंगाडलं असतं, तर मला निदान भांडता आलं असतं. त्यांनी कागद चाळले आणि यांना विचारलं, "बरं, तुमची अडचण काय आहे?"

हे उठले. घसा खाकरला. "अडचण..." म्हणाले आणि थांबले. घोकलेलं सगळं उडालं होतं, ते मला यांच्या मानेवरून कळलं. यांनी वळून सासूबाईंकडे बघितलं. शाळेत पाठ म्हणणाऱ्या लेकराला आई लांबून खुणावते ना, तशी त्यांनी मान हलवली, बोल बोल म्हणून. आणि हे बोलले.

"अडचण म्हणजे... आई."

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. नकाशेवाल्याने डोळे मिटून घेतले. अध्यक्षबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "तसं नव्हे. अडचण जागेची हवी. माणसाची अडचण आम्हाला धरता येत नाही. माणूस काय, आज आहे..." आणि तेवढ्यात त्यांची नजर खुर्चीवर गेली. त्या चाचरल्या. बांधकाम कायम राहतं, एवढंच मला म्हणायचंय, असं काहीसं त्या बोलल्या आणि कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

मी सासूबाईंकडे बघितलं. कोणाचं वाक्य कधी उधार न ठेवणारी ती बाई मांडीवरच्या कापडाची सुरकुती बोटाने काढत बसली होती. तीच ती सुरकुती, परत परत. मग मी उठले आणि बोलत सुटले. काय बोलले ते धड आठवत नाही, पण जनरेटरला जागा मिळते आणि हाडामांसाच्या माणसाला मिळत नाही, हे नक्की बोलले. मला दोनदा खाली बसायला सांगितलं गेलं.

मग मास्तरांना विचारलं. मास्तर काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, खिडकी बंद झाली तर माझं वाचणं बंद होईल, ही माझी हरकत आहे. पण ती वहिनींना नाही. "वहिनी आहेत तोवर मी दिवा लावून वाचेन. त्या आहेत तोवर खोली राहू दे. नंतर मात्र माझा उजेड मला परत मिळावा." त्यांचे डोळे पाणावले होते. आपल्या पोटाला चिमटा घेऊन दुसऱ्याला काही दिलं की माणूस जसा बघतो, तसे ते सासूबाईंकडे बघत होते. सासूबाईंनी त्यांना हात जोडले. दुसरं करणार तरी काय होत्या?

समितीला तर सुटल्यासारखं झालं. डोकी एकत्र आली, कुजबुज झाली आणि कारकुनाने निर्णय मोठ्याने वाचून दाखवला. सदर वृद्ध व्यक्ती हयात असेपर्यंत सवलत मंजूर. दरवर्षी हयातीचा दाखला सादर करावा. तदनंतर बांधकाम अर्जदाराने स्वतः काढून टाकावे. नकाशेवाला यांचा हात हातात घेऊन हलवत सुटला. जिंकलो म्हणाला. हे हसले, मला वाटलं तोंडात मारावी.

घरी येऊन खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात टेकवली, कारण भावाला दम खायचा होता. मी चहाचं आधण ठेवायला आत-बाहेर करत होते. सासूबाई म्हणाल्या, "मला जरा सरकवा. अडचण होतेय." आता हे वाक्य घरात दिवसातून दहादा बोललं जातं. पण आमचे हे तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. आई, मला तसं म्हणायचं नव्हतं, म्हणत राहिले. सासूबाईंनी यांच्या डोक्यावरून हात फिरवला. बरोबर बोललास, म्हणाल्या, तू कधी नव्हे ते बोललास, ते बरोबरच बोललास. आणि मग त्यांना वर नेलं.

पुढच्या आठवड्यात गवंडी आला. पट्टीत उभा राहून त्याने सुतळी धरली, पायाने माती उकरून बघितली आणि विचारलं, "किती वर्षं टिकायला हवी?" म्हणजे त्याच्या परीने अगदी साधा सवाल. थोड्या वर्षांचं काम असेल तर पत्रा मारून देतो, खर्च वाचेल, पाडायलाही सोपं. कायमचं असेल तर पाया खणावा लागेल, विटा मागवाव्या लागतील. त्याला काय माहीत? त्याने यांच्याकडे बघितलं. यांनी माझ्याकडे बघितलं. मी वर बघितलं. खिडकी उघडी होती.

गवंडी सुतळी गुंडाळत उभा. शेवटी वरून आवाज आला, अगदी धंद्याचा, गल्ल्यावरचा आवाज. "पत्र्याचंच करायला सांग. पुरेल तेवढं."

आणि यांनी सुटकेचा श्वास टाकला. मला तो ऐकू आला, म्हणजे वरही ऐकू गेलाच असणार. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. यांचं ते "अडचण म्हणजे आई", अध्यक्षबाईंचं "आज आहे", मास्तरांचं "नंतर मात्र", सगळं एकदम डोक्यात गेलं. ज्याला त्याला या बाईचं मरण मोजायची घाई! मी गवंड्याच्या हातातली सुतळी ओढून घेतली आणि आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "पत्रा नाही! विटांची बांध! पाया घे खोल! आईंच्यानंतर कोण पाडायला येतंय ते मी बघते!"

बोलून गेले आणि जीभ चावली. पण जीभ चावून उपयोग काय? वर खिडकीची एक फळी हळूच लागली, मग दुसरी. समोर मास्तर पुस्तकात बोट घालून बसले होते, त्यांनी मान खाली घातली. गवंड्याने मला विचारलं, मग विटांचं नक्की ना? मी हो म्हटलं.

खोली झाली. पक्की झाली, कोणी नावं ठेवणार नाही अशी. भिंतीला पांढरा रंग, न्हाणीत धरायला दांडा, पलंग दुकानाच्या दाराकडे तोंड करून, म्हणजे पडल्या पडल्या गिऱ्हाईक दिसेल. मास्तरांच्या खिडकीत आता दिवसाही दिवा असतो. पहिल्यांदा खाली यायचं ठरलं, त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, भिंती ओल्या असतील, मला सर्दी धरेल, वाळू दे. बरोबरच होतं, नवा गिलावा तो. आम्ही थांबलो. पंधरवड्याने परत तेच म्हणाल्या. नंतर भाऊ त्यांना उतरवायला म्हणून दोनदा उगाच येऊन गेला.

काय ते मला कळलं, उशिरा का होईना. एकदा त्या खोलीत पाय टाकला की त्या संपायची वाट बघणारी एक आख्खी इमारत उभी राहणार त्यांच्याभोवती. वर आहेत तोवर त्या नुसत्या म्हाताऱ्या आहेत.

रोज सकाळी मी चहा घेऊन वर जायच्या आधी त्या खोलीत जाते आणि भिंतीला तळवा लावून बघते. कोरडी ठणठणीत आहे. मग वर जाते. त्या खिडकीशी बसलेल्या असतात, केस माझ्यासाठी मोकळे सोडून. कप हातात घेतात आणि माझ्याकडे न बघता विचारतात, "वाळल्या का गं भिंती?"

मी फटकळ बाई. खरं बोलायला आयुष्यात कधी कोणाला भ्याले नाही. मी कंगवा हातात घेते आणि म्हणते, "नाही आई. आहे अजून ओल."