पंख्यांवरून राजीनामा

दत्तोपंतांचा राजीनामा हा देवासच्या मराठी मंडळाचा वार्षिक सणच होता. बावीस वर्षं ते अध्यक्ष, आणि दरवर्षी गणपतीआधी कशावरून तरी फुरंगटून राजीनामा देत. मग कार्यकारिणीचे चौघे घरी येत, प्रमोदिनीबाई पोहे टाकत, "पंत, तुमच्याशिवाय मंडळ चालायचं नाही" असं कोणीतरी म्हणे, आणि पंत मोठ्या मनानं राजीनामा मागे घेत. हे एक वाक्य ऐकायला यांनी वर्षभर जगायचं, असं प्रमोदिनीबाईंचं स्पष्ट मत होतं.

यंदा मंडळाचे ठराव ब्लॉकचेनवर जाणार होते. म्हणजे एकदा लिहिलेलं ब्रह्मदेवालाही खोडता येणार नाही. ॲप बनवणारी विनीता मंडळातलीच मुलगी, पण शिकली सगळं हिंदीत. ती म्हणाली, "काका, चालू करायच्या पहिले एंड-टू-एंड टेस्टिंग करावं लागतं. नोटिशीपासून शेवटच्या सहीपर्यंत, सगळं खऱ्या माणसांकडून." चाचणीसाठी साधा ठराव घेतला: सभागृहाचे पंखे पुसावेत.

सोमवारी सकाळी दत्तोपंतांच्या फोनवर उमटलं, 'पंखे पुसण्याबाबत आपला राजीनामा द्या.' खाली एकच हिरवं बटण.

"पंख्यांवरून? माझा?" पंत ताडकन उठले. मानी माणूस, दाबलंच बटण. क्षणात उत्तर आलं: 'राजीनामा प्राप्त झाला. धन्यवाद.'

धन्यवाद! बावीस वर्षांत इतकं टोचून कोणी बोललं नव्हतं. पंतांनी इस्त्रीचा सदरा चढवला आणि ते बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. सोमवार गेला, मंगळवार गेला. चिटपाखरू फिरकलं नाही. पोहे भिजवू का, असं प्रमोदिनीबाईंनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायचा त्यांनाही धीर झाला नाही. खोडता येत नाही म्हणजे नाहीच, हे पंतांना आता चांगलंच उमगलं होतं.

बुधवारी दुपारी विनीता पेढे घेऊन आली. "काका, एकदम बढिया! पाचमधून पाच राजीनामे. एक पण गडबड नाही!"

"पाच? सगळ्यांनी दिले?"

"हो ना, आणि फटाफट!"

"अगं, मंडळ बुडालं, आणि तू पेढे कसले वाटतेस?"

विनीता गोंधळली. "पण राजीनामा म्हणजे राजी असणं ना, काका? कोर्टात समझोत्यात देतात तसा?"

दत्तोपंतांनी कपाळाला हात लावला. नोकरीत असताना कुक्षीच्या तहसिलीत त्यांनी स्वतः भांडणाऱ्या भावांचे असे शेकडो राजीनामे फायलींना लावले होते. पण ती कचेरी. मंडळात हिंदी अर्थाचा राजीनामा शिरेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

म्हणजे अध्यक्षपद शाबूत होतं. त्यांचा जीव भांड्यात पडला. "बाकीचे काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. मी सगळ्यांकडे जाऊन आले. सगळे तयार होऊन दाराजवळच बसलेत. थोडे नाराज वाटले."

"अहो, मग जा की," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "दरवेळी लोकांनीच तुमच्याकडे यायचं का?"

समजूत काढायला पंत आजवर कोणाच्या दारी गेले नव्हते. राधागंजला, उपाध्यक्ष यशवंतरावांच्या पायरीवर त्यांना घाम फुटला. कडी वाजवायच्या आतच दार उघडलं. पंत शब्दाचा घोटाळा सांगायला आले होते, पण यशवंतरावांचा चेहरा पाहिला आणि ते विसरूनच गेले. दोन दिवस आपणही असेच दिसत असणार, हे कळून त्यांना फार वाईट वाटलं.

"यशवंतराव, तुमच्याशिवाय मंडळ चालायचं नाही."

यशवंतरावांचे डोळे भरून आले. "पंत, तुम्ही स्वतः आलात!" हाताला धरून त्यांनी पंतांना आत नेलं, खुर्ची दिली, पाणी दिलं.

"मग घेताय ना मागे?" पंतांनी विचारलं.

"घेतो की. पण घाई काय आहे?" यशवंतराव दाराकडे बघत म्हणाले. "अजून तिघं यायचेत."

पंतांना ते पटलं. त्यांनीही आपली खुर्ची दाराकडे वळवली.