बिनशिवणीची गोगलगाय

तिघी बहिणींपैकी ती दुसरी, म्हणून सगळे तिला मधली म्हणत. धाकटी सातासमुद्रापार राहायची आणि या गोष्टीत तिचं काही काम नाही. ती जन्मलीच नसती तर मधली मधली ठरली नसती, एवढंच तिचं योगदान. थोरली मात्र या गोष्टीत भरपूर आहे. तशी ती सगळ्यांच्याच गोष्टींत भरपूर असायची.

मधली दिवसा कवळ्या बनवायची. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत अनोळखी माणसांचे जबडे समोर मांडून ती त्यांना हिरड्या चढवायची. हिरड्यांचे अठरा गुलाबी रंग आपल्याला डोळे मिटून ओळखता येतात, असं ती म्हणे. कसे, ते विचारायची कोणाची हिंमत झाली नाही. आणि संध्याकाळी घरी आली की ती लोकर टोचायला बसायची.

लोकर टोचणं म्हणजे विणणं नव्हे. पिंजलेल्या लोकरीचा बोळा घ्यायचा आणि बारीक काट्यांच्या सुईने त्याला हजारदा भोसकायचं. या सुईला नेढं नसतं, कारण दोरा नसतो. दर खेपेला सुईचे काटे वरचे तंतू आत ओढून नेतात, आतले तंतू त्यांना बिलगतात, आणि शेवटी बोळ्याचा दगड होतो. मऊ दगड. मग त्याला हवा तो आकार.

"दिवसभर माणसांना दात बसवायचे," आई शेजारणीला सांगायची, "आणि घरी येऊन मेंढीवर सूड उगवायचा. कुठल्या जन्मीचं वैर आहे देव जाणे."

इतर लोक लोकरीचे ससे करत, फुलपाखरं करत, मोठ्या डोळ्यांची हरणं करत. मधलीला ससा या प्राण्याबद्दल आदर नव्हता. "ससा निसर्गात दिसतो किती? ढुंगण दाखवून पळतो. कुजकं पान मात्र बारा महिने कामावर हजर." म्हणून ती कुजकी पानं करायची. ओंडक्यावरची बुरशी करायची, अळी पडलेलं सफरचंद करायची. पाच फुटांचं एक गांडूळ तिने केलं होतं. आईने त्याला नावं ठेवली आणि तेव्हापासून त्यालाच पाठ टेकून ती पेपर वाचत असे. अकरा वर्षं हे सगळं घरातच साठत गेलं. घराबाहेर कोणी ते मागितलं नव्हतं.

मागितलं ते थोरलीने. थोरली शिवणकाम करायची, आणि बाग मंडळाची चिटणीसही होती. मंडळाचं दरवर्षी पुष्पप्रदर्शन भरे, बागेतल्या काचेच्या दालनात. यंदा मधोमधच्या टेबलावर 'हातांनी घडवलेला निसर्ग' ठेवायचं ठरलं, आणि थोरलीने चार लोकांशी भांडून ते टेबल बहिणीला मिळवून दिलं.

"माझ्या शब्दावर दिलंय हं," ती म्हणाली. "काहीतरी सुंदर कर."

"करते की," मधली म्हणाली, आणि सात महिने दार लावून घेतलं.

सात महिन्यांनी दालनात जे आलं ते पाहायला माळी हातातली झारी तशीच धरून उभे राहिले, आणि अर्धं पाणी त्यांच्याच बुटांत गेलं. कोबीचा गड्डा होता. दोन माणसं आत बसून गप्पा मारतील एवढा. बावीस पानं, प्रत्येक पानाला शिरा, काठाला किंचित जांभळा रंग. आणि त्या पानांतून वाट खात खात वर आलेली, चार फूट लांबीची, बिनशंखाची गोगलगाय. अंगावर सुरकुत्या. उजव्या बाजूला श्वासाचं भोक. पोटाची कड तर हिरड्यांच्या अठरा रंगांपैकी पाच वापरून केलेली. चेहऱ्यावर पोट भरल्याचं समाधान.

थोरली कोबी बघून हसली, गोगलगाय बघून हसायची थांबली.

"हे काय गं?"

"गोगलगाय."

"ते दिसतंय मला! प्रदर्शनाचा खर्च कोण उचलतंय माहीत आहे? पावडरवाले साहेब. कसली पावडर, ते माहीत आहे?"

मधलीला माहीत नव्हतं. थोरलीने भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर तिच्या दुप्पट उंचीचा फलक होता. त्यावर एक उताणी गोगलगाय, तिच्या डोळ्यांच्या जागी दोन फुल्या, आणि खाली लिहिलेलं: 'एक चिमूट टाका, निर्धास्त झोपा.'

मधलीने फलक नीट पाहिला. "भोक डाव्या बाजूला काढलंय," ती म्हणाली. "चुकलंय त्यांचं."

"मधले!"

"अगं, निसर्ग म्हणालीस ना?"

"निसर्ग म्हणजे चांगला निसर्ग! साहेब उद्या दहाला फीत कापायला येणार. कोबीवर गोगलगाय त्यांच्या नजरेला पडता कामा नये. कोबी राहू दे. कोबी छान आहे. ही बया उतरव."

"नाही उतरवणार."

"का?"

"कोबी तिच्यासाठी केलाय. तिचं जेवण आहे ते. जेवण ठेवायचं आणि पाहुण्याला हाकलायचं, असं आपल्याकडे करतात का?"

"मग मीच उतरवते," थोरली म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, दालन उघडताच, खरंच उतरवायला आली.

आठ वाजता मधली पोचली तेव्हा कोबीतून फक्त थोरलीचे पाय बाहेर दिसत होते. बाकीची थोरली पानांच्या आत होती. हातात टाके उसवायचं हत्यार, कपाळावर चष्मा, तोंडात तीन टाचण्या. तिने या हातांनी लग्नातले कोट उसवले होते, फुगलेल्या माणसांच्या विजारी उसवून होत्या त्याहून रुंद करून दिल्या होत्या. जगात जे जे जोडलेलं आहे त्याला कुठेतरी शिवण असते आणि शिवण सापडली की निम्मं काम झालं, या एका तत्त्वावर तिचं दुकान उभं होतं. तासभर ती गोगलगाईच्या पोटाखाली शिवण शोधत होती.

"कुठे लपवलीयेस?" आतून आवाज आला. टाचण्यांमुळे तो जरा शिट्टीसारखा येत होता.

"काय?"

"शिवण!"

"नाहीच आहे."

"नाही कशी? शिवणीशिवाय काय हवेत चिकटलंय?"

"ताई, बाहेर ये. गुदमरशील."

थोरली बाहेर आली. केसांत हिरवी लोकर. मधलीने तिला गोगलगाईची कड आणि पान जिथे मिळत होतं तिथे बोट फिरवायला लावलं. गुलाबी कुठे संपतो आणि हिरवा कुठे सुरू होतो, ते बोटाला कळत नव्हतं.

"हिचे तंतू पानात गेलेत, पानाचे हिच्यात. तीन महिने टोचलंय मी त्यांना. उसवायला काही नाहीच. वेगळं करायचं तर कापावं लागेल. आणि कापलं की दोघांपैकी एकाचाच आकार राहील. दुसऱ्याच्या चिंध्या."

थोरली खाली बसली. तत्त्व मोडलेल्या माणसासारखी बसली. मग घड्याळ पाहिलं, आणि चिटणीस परत आली.

"मग काप. मंडळाने ठरवलंय. दहाच्या आत कोबीवरची गोगलगाय गेली नाही तर अख्खं काम मागच्या गोदामात जाईल, आणि टेबलावर कागदी फुलं येतील. मी काही करू शकत नाही गं. माझ्याच शब्दाला आता कोणी विचारत नाही."

मधलीने कोबीकडे पाहिलं. बावीस पानं. सोळावं पान तीनदा फसलं होतं. विसाव्या पानाच्या वेळी सुई तुटून टोक अंगठ्यात गेलं होतं, आणि आठवडाभर कवळ्या डाव्या हाताने झाल्या होत्या. एका आजोबांचं हसू त्यामुळे अजून थोडं तिरकं आहे.

"कात्री दे," ती म्हणाली.

थोरलीने आयुष्यात आपली कात्री कोणाला दिली नव्हती. नवऱ्याने एकदा त्या कात्रीने खोक्यावरचा कागद कापला होता, तर तीन दिवस घरात कोणी बोललं नाही. तिने पिशवीतून कात्री काढली आणि मुठीकडून पुढे केली.

मधलीने कापायला सुरुवात केली.

पहिलं पान गळून फरशीवर पडलं तेव्हा थोरलीला काही कळलं नाही. दुसरं पडलं. पाचवं पडलं. आठव्या पानाला ती किंचाळली.

"अगं, काय करतेस! कोबी कापतेयस तू! ती दुसरी, ती बया!"

"कोबीवर गोगलगाय दिसता कामा नये, असंच ना? दिसणार नाही."

"मधले, सात महिने गं!"

"मला माहीत आहे किती ते."

कात्री चालत राहिली. टोचून घट्ट झालेली जाड लोकर कापताना ओला पुठ्ठा कापल्यासारखा आवाज येतो, तेवढाच दालनात होता. सोळाव्या पानाशी मधलीचा हात थांबला. तिने नाक वर ओढलं, आणि तेही कापलं. पावणेदहाला फरशीवर हिरव्या चिंध्यांचा ढीग होता, आणि टेबलावर, मधोमध, एकटी, चार फुटी गोगलगाय. कोबी होता तोवर ती कोबी खाणारी गोगलगाय होती. आता ती नुसती तिथे होती. लगेच कुठे जाण्याची तिला घाई दिसत नव्हती.

साहेब दहाला आले. सोबत अध्यक्ष, आणि फोटो काढणारा. साहेब दारातून हसत आले, कुंड्यांपाशी हसले, टेबलापाशी हसायचे थांबले. या टेबलाची ती सवयच होती.

"हे काय आहे?"

"निसर्ग," मधली म्हणाली.

"ही... एवढी मोठी असते?"

"पोटभर खाऊ दिलं तर."

फोटो काढणारा खोकला. साहेबांनी फलकाकडे पाहिलं, मग टेबलाकडे. फलकावरची मेलेली होती आणि टेबलावरची धडधाकट. एकाच फोटोत दोन्ही येणार हे त्यांच्या लक्षात आलं.

"हिला मारायला किती पावडर लागेल हो?" ते खेळीमेळीने म्हणाले. "चिमटीत भागणार नाही!"

"जेवढी असेल तेवढी आणा," मधली म्हणाली. "आम्ही थांबतो."

आणि ती टेबलावर चढून गोगलगाईशेजारी बसली. कवळ्या बनवतानाचा पांढरा अंगरखा तिच्या अंगावर तसाच होता. एक हात तिने गोगलगाईच्या पाठीवर टाकला, बसमध्ये ओळखीचं माणूस भेटल्यावर टाकतात तसा.

"बाई, खाली उतरा," अध्यक्ष म्हणाले.

"नाही."

"ही वस्तू हलवा कुणीतरी."

दोन माळी पुढे आले. त्यांनी मधलीकडे पाहिलं, गोगलगाईकडे पाहिलं, आणि दोघांनाही एकदम पाणी घालायच्या कुंड्या आठवल्या.

"चिटणीस!" अध्यक्षांचा चेहरा आता हिरड्यांच्या सतराव्या रंगाचा झाला होता. "झाकून टाका हे. दोघींना झाका! फीत कापेपर्यंत तरी. तो पांढरा कपडा आणा तिकडचा."

थोरली गेली आणि कपडा घेऊन आली. सगळ्या टेबलांवर घालायला आणलेला तागा होता तो, अजून न कापलेला. तो तिने उलगडला. उलगडत गेला, उलगडत गेला. एक टोक मधलीच्या पायाशी आलं आणि दुसरं अजून दाराशी गुंडाळीतच होतं.

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. गोगलगाईच्या पाठीवरचा हात मधलीने काढला नाही.

थोरलीने तोंडातल्या टाचण्या काढल्या. चष्मा खाली घेतला. टेबल डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, वाकून खालून पाहिलं. तीस वर्षांत तिचा अंदाज बोटभरही चुकला नव्हता, हे सगळ्या गावाला माहीत होतं. अध्यक्षांच्या अंगावरचा कोटही तिनेच शिवलेला होता, आणि माप घेताना त्यांनी पोट आत घेतलं होतं हे ओळखून.

"नाही हो," ती म्हणाली. "कमी पडतोय."

"काय कमी पडतोय? अहो, दालनभर पसरलाय!"

"शिवणकामातलं तुम्हाला कळतं की मला?"

अध्यक्षांनी पायाखालच्या कापडाकडे पाहिलं. ते त्यावरच उभे होते. साहेबही उभे होते. फोटो काढणाराही. अध्यक्षांनी कोटाचं बटण चाचपलं.

थोरलीने तागा परत गुंडाळायला घेतला, म्हणून सगळ्यांना एकेक पाय उचलावा लागला. गुंडाळून झाल्यावर तिने तो बगलेत मारला आणि टेबलापाशी आली.

"सरक तिकडे," ती मधलीला म्हणाली.

"बसशील? चिटणीसपद जाईल."

"जाऊ दे गं. सकाळपासून उभी आहे, पाय दुखताहेत. आणि हिच्यावर टेकलं तर चालतं का?"

"जोरात नको टेकूस."

साहेबांनी फीत कापली तेव्हा दारात माणसांची रांग लागली होती, आणि ती गुलाबांकडे वळत नव्हती.