पांढरे हातमोजे

“टेबल सात,” मी म्हटलं. “फ्लोरेन्स, वय आठ. तिचा भाऊ टेडी, वय चार. टेडीला खोदकामाची यंत्रं आवडतात. आणि फ्लोरेन्सच्या बापाने हळूच सांगितलंय, की यंदा तिला नाताळबाबाबद्दल शंका आहे.”

“मलाही आहे,” सिरिल म्हणाला आणि हनुवटीखाली ओढलेली दाढी त्याने पुन्हा तोंडावर चढवली.

नाताळच्या आधीचा शेवटचा रविवार होता. दिवसातली तिसरी फेरी. गार्डच्या डब्यात भेटवस्तूंच्या पोत्यांमध्ये आम्ही दोघं अंग चोरून उभे होतो. माझं काम असं, की पुढे जाऊन प्रत्येक टेबलावर यादी पडताळायची, आयाबापांकडून मुलांची बित्तंबातमी काढायची आणि मागे येऊन ती सिरिलच्या कानात ओतायची. मग नाताळबाबा डब्यात शिरतो, मुलांना नावानिशी हाक मारतो आणि मुलं तोंडं उघडी टाकून बघत राहतात. या कामासाठी मला हिरवा झगा, टोकदार बूट आणि घुंगरू लावलेली टोपी मिळालेली आहे. चौतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसले, तेव्हा माझे पाय कुणी पाहिले नव्हते. आता एकुणसत्तराव्या वर्षी नाताळबाबाची बुटकी मदतनीस झालेय आणि सुजलेले पाय त्या बुटांत मावत नाहीत.

आमची ही सात मैलांची जुनी लाइन गावातल्या हौशी लोकांनी जिवंत ठेवलीय. पगार कुणालाच नाही. डिसेंबरात या नाताळच्या गाड्या भरून धावतात, त्यावर वर्षाचा कोळसा निघतो. एकतीस वर्षं सिरिल या गाडीचा ड्रायव्हर होता. ऑक्टोबरात डॉक्टरांनी त्याच्या डाव्या डोळ्यात दिवा मारून पाहिलं आणि कागदावर दोन ओळी लिहिल्या. ज्याला सिग्नल धड दिसत नाही त्याच्या हाती इंजिन देत नाहीत, यात कुणाची चूक नाही. कमिटीने इंजिन हेदरला दिलं आणि त्याला लाल झगा. पोट त्याचं त्यालाच होतं.

त्या झग्याच्या खिशात आज एक किल्ली होती. ड्रायव्हरांच्या खोलीतलं त्याचं कपाट नव्या माणसासाठी हवंय, असं पत्र आलं होतं. सकाळीच त्याने मला किल्ली दाखवली होती.

“आज देऊन टाकतो, ऑड्री. आणि पुन्हा मी काही इकडे फिरकत नाही.”

“नोराला सांगितलंस?” नोरा त्याची बायको. स्टेशनच्या उपाहारगृहात ती महिनाभर नाताळच्या गोड मिन्स पायमध्ये मनुका भरत असते.

“सांगितलं. म्हणाली, घरी बसून माझं डोकं खाणार असशील तर आधी कळव, मी बहिणीकडे राहायला जाते.”

मी हसले, पण मला ते बरं वाटलं नव्हतं. अख्ख्या डिसेंबरात हा माणूस एकदाही इंजिनाजवळ गेला नव्हता. शेवटच्या स्टेशनावर गाडी वीस मिनिटं थांबते, सगळी मुलं इंजिन बघायला धावतात आणि हा गार्डच्या डब्यात थंड चहा घेऊन बसतो. मात्र गाडी हलली की याचे कान तिकडेच. “वाफ उशिरा उघडली,” असं दाढीतल्या दाढीत पुटपुटणार, नाहीतर “ब्रेक जरा हळू, बाई, डबे आहेत मागे.”

टेबल सातवर टेडीने पिवळं खोदयंत्र छातीशी धरलं आणि त्याचा प्रश्न मिटला. फ्लोरेन्सने आपल्या खोक्याला हातही लावला नाही. ती सिरिलकडे बघत होती. माझ्या खिडकीवर चुकीचा भरलेला फॉर्म आला की मी जशी बघायची, तशी.

“तू चिमणीतून उतरतोस ना?” तिने विचारलं.

“उतरतो की.”

“आमच्या आजीकडे कोळशाची शेगडी आहे. चिमणीत हात घातला की कोपरापर्यंत काळा होतो. तुझे हातमोजे एकदम पांढरे कसे?”

सिरिलने आपल्या हातांकडे पाहिलं. नोरा ते मोजे रोज रात्री धुऊन वाळत घालते. या माणसाच्या नखांतली काजळी त्याच्या स्वतःच्या लग्नातसुद्धा निघाली नव्हती. नोरा अजून ते ऐकवते. आणि आज एका आठ वर्षांच्या पोरीने त्याला स्वच्छ हातांसाठी पकडलं होतं. मी उगीच मान हलवून घुंगरू वाजवलं.

तेवढ्यात खाणीजवळचा चढ लागला. तिथे झाडी रुळांवर ओणवलेली आहे आणि सकाळपासून बारीक पाऊस होता. एकदम चाकं जागच्या जागी गरगरली, डबा थरथरला, बापमंडळींच्या शेरीचे ग्लास टेबलांवर सरकले. कुणीतरी हसलं. सिरिलने हात टेबलावर सपाट दाबला.

“वाफ बंद कर,” तो पुटपुटला. “हं. आता वाळू. रुळावर वाळू सोड, पोरी.”

“कुणाला सांगतोयस?” फ्लोरेन्सने विचारलं.

“ड्रायव्हरला.”

“तिला इथलं ऐकू जातं?”

गाडी जवळजवळ थांबली होती. मग पुढून इंजिनाचा एक जड हुंकार आला, थोड्या वेळाने दुसरा, मग तिसरा. चाकांनी रूळ धरला आणि गाडी चढ चढायला लागली.

दाढीच्या वर माणसाचा जेवढा चेहरा उरतो तेवढा मला दिसला. पेन्शन बंद झाल्याचं मी ज्यांना सांगितलं, ते लोक असेच बघायचे. त्यांनी कधी भांडण केलं नाही.

डब्यांमधल्या जोडावर आल्यावर तो म्हणाला, “तिला जमलं.”

“चांगलंच झालं की.”

“चांगलंच झालं,” तो म्हणाला. “तिला काही मी लागत नाही.”

शेवटच्या स्टेशनावर त्याने चहा घेतला नाही. मुलं इंजिन बघून तिथल्या चहाच्या टपरीकडे वळेपर्यंत थांबला आणि मग खाली उतरून फलाटावरून सरळ पुढे चालायला लागला. मी त्याच्या मागे लंगडत गेले. माझी गरज नव्हती, पण गेले.

हेदर इंजिनाच्या पायरीवर बसून सँडविच खात होती. चव्वेचाळिशीची बाई, एरवी शाळेची बस चालवते. नऊ वर्षं तिने सिरिलच्या हाताखाली कोळसा ओतला होता.

“वाळू उशिरा सोडलीस,” सिरिल म्हणाला.

“दोन सेकंद.”

“तीन.”

“तुमचाच आवाज येत होता कानात. शिव्यांसकट.” तिने सँडविच बाजूला ठेवलं. “या ना वर. भट्टी तरी बघून जा.”

सिरिलने मान हलवली. ज्याच्याकडे डॉक्टरचा दाखला नाही, त्याने इंजिनावर पाय ठेवायचा नाही, हा नियम बारा वर्षांपूर्वी त्यानेच कमिटीत मांडला होता. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरला उतरवायचं होतं. तेव्हा सिरिल साठीचा होता आणि स्वतः कधी म्हातारा होईल असं काही त्याच्या डोक्यात नव्हतं.

त्याने खिशातून किल्ली काढून तिच्यापुढे धरली.

“हे काय आता?” हेदर म्हणाली. “राहू द्या हो. एका कपाटाने कुणाचं काय अडतंय?”

“नव्या माणसाने बूट कुठे ठेवायचे?”

“तुमचे आहेत त्यात.”

“ते तूच घरी घेऊन जा. तुला मोठे होतील, पण दोन मोजे घातलेस की बसतील.”

हेदरने किल्ली घेतली आणि लगेच इंजिनाकडे तोंड फिरवून कुठलीतरी झडप बघायला लागली. त्या झडपेला काही झालेलं नव्हतं. मला तिचा राग आला, सिरिलचा आला, त्या डॉक्टरचा आला आणि टोपीखाली डोळ्यांत पाणीही आलं. पायही दुखत होते.

सिरिल वळला नाही. तो एक पाऊल पुढे गेला आणि त्याने इंजिनाच्या काळ्या अंगावर, चाकाच्या वर, उजवा हात ठेवला. गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. नुसता ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. तिथलं लोखंड सोसवेल इतपतच तापतं, हे त्यालाच माहीत. गार्डने शिट्टी दिली तेव्हा त्याने हात काढला.

“सिरिल,” मी म्हटलं, “काय केलंस हे? हातमोज्यांचा दुसरा जोड नाहीये आपल्याकडे.”

अख्खा तळवा काजळीने आणि तेलाने बरबटला होता.

परतीच्या फेरीत नाताळबाबाने सगळ्या डब्यांतून फिरून निरोप घ्यायचा असतो. मी त्याला बजावलं, उजवा हात पाठीमागे ठेव आणि डाव्याने टाटा कर. पहिल्या दोन डब्यांत त्याने ऐकलं. टेबल सातवर टेडी यंत्राला मिठी मारून झोपला होता. फ्लोरेन्सने विचारलं, “तो हात का लपवतोयस?”

सिरिलने हात पुढे केला.

तिने तो दोन्ही हातांनी धरला, उलटा केला, सुलटा केला. मग नाक जवळ नेलं. तिच्या नाकाच्या शेंड्याला काळं लागलं.

“आजीच्या घरासारखाच वास आहे,” ती म्हणाली. “मघाशी का नव्हता काळा?”

“मघाशी मी कामाला हात लावला नव्हता,” सिरिल म्हणाला.

ती विचारात पडली. मग तिने आपलं खोकं ओढून मांडीवर घेतलं आणि रिबीन सोडायला लागली. तिच्या बापाने सिरिलकडे बघून ग्लास उचलला. सिरिलचं तिकडे लक्ष नव्हतं. तो पुढच्या टेबलाकडे निघाला होता आणि आता दोन्ही हात हलवत होता.

चौथी फेरीही त्याने तशीच केली. त्या हाताबद्दल मुलांनी विचारलं, तर तो नुसता दाखवायचा.

साडेचारला अंधारून आलं. उपाहारगृहामागच्या खोलीत आम्ही कपडे उतरवले. मी बूट काढले आणि पाय गार फरशीवर टेकले, तेव्हा कुठे जरा बरं वाटलं. नोरा कोट घालून, गाडीची चावी हातात घेऊन दारात उभी होती.

“मोजे दे इकडे,” ती म्हणाली. “आज भिजत टाकले तर डाग जाईल.”

“उद्या बघू,” सिरिल म्हणाला.

“उद्या कसलं? आज शेवटचा दिवस ना तुझा?”

त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, नोराच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघं बाहेर पडले. हेदर इंजिन शेडमध्ये नेत होती. फाटकाशी तिने नेहमीसारखी लांब शिटी दिली. सिरिल शिटी संपेपर्यंत थांबला आणि मग नोराच्या गाडीत बसला.

लाल झगा, पट्टा, टोपी, दाढी, सगळं त्याने घडी घालून खोक्यात ठेवलं होतं. हातमोजा मात्र एकच होता, डावा, पांढराशुभ्र. मी तो नीट वरती ठेवला आणि झाकण लावलं.