पोळ्याच्या दिवशी भीमा बसला

सकाळचे आठ वाजले तरी झेंडूच्या वावरात कुणी उतरलं नव्हतं आणि सहादू शेळकेचा पारा चढला होता. गणपती चार दिवसांवर आलेले, फुलं ऐन भरात, आणि आज बैलपोळा. मजूर यायचा प्रश्नच नव्हता. राहता राहिला भीमा, आणि तो भीमा गोठ्यापुढच्या लिंबाखाली फतकल मारून बसला होता.

पारनेर तालुक्यातल्या त्या वस्तीवर भीमाला ओळखत नाही असं शेंबडं पोरही नव्हतं. भीमा हा यंत्रमानव. शेतकरी बायकांसाठी एक प्रयोग निघाला होता, त्यात गेल्या वर्षी तो सहादूची बायको भागिरथी हिच्या नावावर वस्तीवर आला. फुलं तोडावीत, फवारणी करावी, शेण काढावं, पेंडीची पोती उचलावीत, असा त्याचा दिवस. दोन महिन्यांत तो घरातल्यांसारखा बोलायला लागला. आणि एका दुपारी, कुणी काही विचारलं नसताना, तो भागिरथीला म्हणाला, "काकू, काल तुमी काम करताना गुनगुनत हुता. आज न्हाई. मला कालचं आवडलं हुतं." हे ऐकून सगळी वस्ती हसली. भागिरथी मात्र हसली नाही. आपल्या गुणगुणण्याकडे कुणाचं लक्ष असेल, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

"ऊठ की रं," सहादू खेकसला. "फुलं तोडायची हायेत."

"आज न्हाई, तात्या. आज मी बसनार हाय."

"बसनार? चार्जिंग संपलं का काय तुझं?"

"चार्जिंग भरलेलं हाय," भीमा शांतपणे म्हणाला. "काल सांजच्याला तुमी सर्जा-राजाच्या खांद्याला हळद-तूप चोळलं. आज आवतान घ्या, उद्या जेवाया या, असं त्यांना म्हनले. त्यांच्या मानेवर आज जू न्हाई. वरीसभर मीबी त्यांच्यासंगं राबलो. मग मलाच आज काम का?"

सहादूनं गोठ्याकडे हात केला. मग तो म्हणाला, "आरं, बैल जितराब हाय. तू यंत्र. तुझी पूजा केली की खंडेनवमीला. हळदकुंकू लावलं, लिंबू ठिवला, कोयत्याशेजारी बसवलं."

"व्हय, कोयत्याशेजारी. कोयत्याला काय वाटतं, मला ठावं न्हाई. मला काय वाटतं त्ये मी सांगू शकतो. मला आज काम करायचं न्हाई."

आत चुलीपुढे भागिरथी पुरणपोळ्या लाटत होती. हे शब्द तिच्या कानावर पडले आणि तिचं डोकंच फिरलं. पहाटे चारपासून ती उभी होती. सणाला बैलांना सुट्टी, मजुरांना सुट्टी, हिचं काम मात्र दुप्पट. ती लाटणं हातात घेऊनच बाहेर आली.

"माझ्यापरीस तुझं जास्त हाय का रं? मी बसले का कवा?"

"तुमीबी बसा की, काकू."

"आन पोळ्या कोन करील? तुझा बाप?"

"त्ये मला म्हाईत न्हाई. पर तुमी करनार का, असं तुमाला कुनी इचारलं का?"

भागिरथीचं लाटणं खाली आलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तिला 'कर' म्हणणारे खूप भेटले. 'करतेस का' म्हणणारं कुणी तिला आठवेना. "गप बस," एवढंच म्हणून ती आत गेली. तव्यावरची पोळी करपली होती.

सहादूनं तोवर फोन लावला होता. केडगावला त्या प्रयोगाचं ऑफिस होतं. तिथला कल्याण नावाचा तरुण इंजिनिअर सगळं ऐकून म्हणाला, "तात्या, तो स्वतःचं डोकं चालवायला लागलाय. काळजी करू नका. त्याची आठवण पुसून टाकू, पहिल्यासारखा होईल. उद्या सकाळी येतो. फक्त यंत्र काकूंच्या नावावर आहे, त्यांचा अंगठा लागेल."

"लागतील तेवढे अंगठे घ्या," सहादू म्हणाला.

दुपारी ओवाळणी झाली, बैलांनी पुरणपोळी खाल्ली, तरी भीमा लिंबाखालून हलला नव्हता. भागिरथी ताट घेऊन परत जाताना त्यानं तिला हाक मारली.

"काकू, मी फोन ऐकला. पुसल्यावर हातपाय हेच ऱ्हातील. पर तुमाला काकू म्हननारा दुसराच असंल. मी नसनार."

"भ्या वाटतंय का तुला?"

"वाटतंय."

"मग ऊठ की बाबा. चार फुलं तोड, त्यांचा राग जाईल. कशाला हट्ट करतूस?"

"भ्या वाटतंय म्हून उठलो, तर उद्याबी भ्या दाखवूनच उठवतील. मी न्हाई उठनार."

 भीतीपोटी उठणं म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिनं ताट ओट्यावर ठेवलं, चार पोळ्या फडक्यात बांधल्या आणि थेट छबूबाईंचं घर गाठलं.

छबूबाई गायकवाड म्हणजे गावच्या शाळेतल्या जुन्या शिक्षिका. वय अठ्ठ्याहत्तर, पाठीचा कणा अजून ताठ. सहादूला चौथीत त्यांनीच शिकवलं होतं, आणि अजूनही तो त्यांच्यासमोर टोपी नीट करायचा. त्यांनी भागिरथीचं सगळं ऐकून घेतलं. "उद्या येते," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कल्याणची मोटारसायकल वस्तीवर आली तेव्हा भीमा वावरात होता. पोळा सरला, तसा तो उजाडताच आपण होऊन कामाला लागला होता. निम्मं वावर तोडून झालं होतं.

छबूबाई बाजेवर बसल्या होत्या. त्यांनी वावराकडे बोट केलं. "सहादू, करतोय ना तो काम?"

"करतोय."

"मग बिघडलं काय त्याचं?"

"बाई, त्यो मला न्हाई म्हनला. आज आलाय, पर उद्या परत बसंल. त्याचा काय भरवसा?"

"म्हणजे त्याचे हात शाबूत आहेत. दुखावलाय तो तुझा तोरा."

सहादूनं मान खाली घातली, पण हटला नाही. "यंत्रानं मालकाला न्हाई म्हनायचं, ही कुठली रीत?"

"रीत सांगते. ऐक," छबूबाई म्हणाल्या. "छप्पन साली धम्मदीक्षा घेऊन माझा बाप गावात आला. मी नऊ वर्षांची होते. त्यानं गावाला सांगितलं, मेलेलं ढोर यापुढं मी ओढणार नाही. संध्याकाळी चार माणसं आमच्या दारात आली आणि म्हणाली, याचं डोकं फिरलंय, याला ताळ्यावर आणलं पाहिजे. दोन महिने आम्हाला दुकानातून मीठसुद्धा मिळालं नाही. बाप वाकला नाही. तो वाकला असता तर मी तुझी बाई झाले नसते."

छबूबाईंनी एकदा कल्याणकडेही पाहिलं.

"माझा बाप माणूस होता. त्याला आणि यंत्राला मी एका तागडीत घालत नाही, आणि कुणाला घालूही देणार नाही. पण राबणारा नाही म्हणाला की तो बिघडला, ही तुमची सवय तीच आहे. सत्तर वर्षं झाली तरी तीच. त्या लिंबाखाली काल कोण बसलं होतं, याची चर्चा नंतर करू. तुला नकार का सोसत नाही, ते आधी सांग."

कल्याण अवघडून उभा होता. "बाई, तुमचं पटतंय. पण तक्रार आली की मला कारवाई करावी लागते. काकू, इथं अंगठा ठेवा." त्यानं टॅब पुढे केला.

आजवर भागिरथीनं कितीतरी ठिकाणी अंगठे दिले होते. सोसायटीच्या कागदावर, वाटणीच्या कागदावर, बचत गटाच्या रजिस्टरात. दर वेळी सहादूचं बोट जिथं पडेल तिथं तिचा अंगठा. आताही सहादूचं बोट त्या काचेवर पडलेलंच होतं. तिचा हात अर्ध्यावर गेला, थांबला, आणि पदराखाली परत गेला.

"न्हाई," ती म्हणाली.

"काय न्हाई?" सहादूनं विचारलं.

"अंगठा न्हाई देनार."

"तुलाबी लागलं व्हय त्याचं वारं?"

"लागलं. बरं झालं लागलं." तिनं पदर खोचला. "पस्तीस वर्सं म्या तुमाला न्हाई म्हनले न्हाई. तुमाला वाटलं, हिला समदं पटतंय. अवो, न्हाई म्हनायची सोयच नव्हती म्हून व्हय म्हनत हुते! आज त्याला पुसा. आन उद्या मी न्हाई म्हनले, तर मला पुसायला कुनाला बोलवाल?"

सहादू तिच्याकडे बघतच राहिला. ही बाई रोज त्याच्यासमोर भाकरी वाढत होती आणि त्यानं तिला आज पाहिलं.

कल्याणनं टॅब मागे घेतला. "काकूंनी नकार दिला, असं लिहितो."

"लिव," भागिरथी म्हणाली. "मोठ्या अक्षरात लिव."

सहादू वावराकडे गेला. भीमाच्या शेजारची सरी धरून त्यानं फुलं तोडायला सुरुवात केली. अख्खी सरी संपली. मग सहादू त्याच्याकडे वळला.

"भीमा, उद्या टेम्पो लवकर यायचाय. पाचला येशील का तोडाया?"

"सहाला येतो, तात्या. पाचला दव असतंय, ओली फुलं काळी पडत्यात."

सहादूच्या कपाळावर आठी आली. ती थोडा वेळ तिथं राहिली आणि मग गेली. "बरं. सहाला तर सहाला," तो म्हणाला.

संध्याकाळी तो चुलीपाशी आला. थोडा वेळ उगाच घुटमळला. "दमली असशील. पिठलं मी टाकू का?"

"टाका की," भागिरथी म्हणाली, आणि उठली नाही. पिठल्यात मीठ जास्त पडलं. भागिरथीनं तसं तोंडावर सांगितलं आणि सहादूनं ते ऐकून घेतलं.

मंडळी, यंत्राला मन असतं की नसतं, हा वाद शहाण्या माणसांनी खुशाल घालावा. आपल्या घरात, शेतात, ऑफिसात जे राबतात त्यांना मन आहे, याबद्दल तर वाद नाही ना? मग आपल्या बायकोनं, सुनेनं, गड्यानं, शिपायानं आपल्याला शेवटचं 'नाही' कधी म्हटलं, ते आठवून बघा. आठवत नसेल तर आपलं सगळं सुरळीत चाललंय, अशा भ्रमात राहू नका. ज्याला नाही म्हणायची मुभा नाही, त्याच्या होकाराला काडीचीही किंमत नाही. ही मुभा कुणी दिली नाही तर ती घ्यावी लागते, आणि घेणाऱ्याच्या मागं उभं राहणं हे आपलं काम आहे.