लांब फेकलेलं बिस्किट

सकाळी सव्वासातला, ईशानीची वेणी घालता घालता, मी तो व्हिडिओ तिसऱ्यांदा बघितला. अकरा सेकंदांचा. ओलं गच्च जंगल, मध्ये एक खडक, खडकावर करड्या आयाळीचं काळं माकड आणि त्याच्यासमोर वाकलेला आमचा वाटाड्या वेलन. त्याच्या हातात बिस्किट. खाली कुणीतरी लिहिलं होतं, पर्यटकांना चांगले फोटो मिळावेत म्हणून हे गाईडच माकडांना खायला घालतात.

"आई, केस ओढतेयस!"

"मान हलवू नकोस म्हणून सांगितलं ना."

मान माझीच हलत होती. व्हिडिओच्या खाली जंगलातल्या कॅम्पच्या ऑफिसचं पत्र होतं, त्या दिवशी वेलनबरोबर गेलेल्या आम्हा सगळ्यांना पाठवलेलं. वेलनचं गाईडचं कार्ड काढून घेतलंय. कुणी काय पाहिलं ते आज पाच वाजेपर्यंत लिहून कळवा.

बिस्किट मी फेकलं होतं.

पंधरा दिवसांपूर्वी आम्ही अन्नमलईच्या डोंगरात होतो. बनारसहून दोन दिवसांचा प्रवास. माझ्या नवऱ्याला, विश्वेशला, धनेश पक्षी बघायचा होता आणि मला ते माकड. एम.एस्सी.ला झूलॉजी होतं माझं, त्यामुळे त्याच्याबद्दल पाठ होतं सगळं: अशी जंगलं उरलीत थोडी, त्यात हे माकड उरलंय थोडं, उंच झाडांवर राहतं, सहसा खाली उतरत नाही. बॅगेत थर्मामीटर, ओआरएस, तीन तऱ्हेची मलमं. ईशानीच्या गळ्यात मी शिट्टी बांधली होती. वेलनने ती बघितली आणि हसून म्हणाला, "सीटी नहीं मॅडम. सब भागेगा." मग बोटांवर मोजत नियम सांगितले. बात नहीं. खाना नहीं देना. मेरे पीछे. आम्ही सगळ्यांनी कागदावर सह्या केल्या होत्या.

चढ बेताचा होता, पण पायाखाली सगळी कुजलेली पानं आणि त्या पानांतून काडीसारख्या उभ्या राहणाऱ्या जळवा. बाकीचे वर बघत चालत होते. मी ईशानीच्या गुडघ्यांकडे बघत चालत होते. नऊ वाजून गेले तरी खाली ऊन पोचलं नव्हतं. मग एकदम वर कुणीतरी जाड सतरंजी झटकतंय असा आवाज आला. धनेश उडाला होता. सगळे दबक्या पावलांनी त्याच्या मागे, दुर्बिणी डोळ्यांना लावून. ईशानीचा मोजा घसरला होता म्हणून मी तिला खडकावर बसवलं.

मोजा वर करून मान उचलली, तर माकड हातभर अंतरावर. तिच्याकडे बघतंय.

गेल्या वर्षी आमच्या गच्चीवर ईशानीच्या पोटरीला माकड चावलं होतं. पाच सुया. पाचही वेळा तिला मीच धरलं होतं. मुन्शी घाटाच्या मागे आमच्या गल्लीत घराघरांत गच्चीच्या दाराशी बिस्किटांचा पुडा असतो. माकड चष्मा पळवू दे नाहीतर पोराजवळ येऊ दे, बिस्किट काढायचं, लांब फेकायचं, ते तिकडे वळलं की आपलं माणूस उचलायचं. यात विचार करायचा नसतोच. मीही केला नाही. खिशातून काढलं आणि फेकलं. ते वळलं. मी ईशानीला कडेवर घेऊन मागे सरले, तोवर ते बिस्किट घेऊन खडकावर येऊन बसलं.

वेलन पळत आला. माझ्याकडे एकदा बघितलं. मग वाकून उरलेलं बिस्किट माकडासमोरून उचललं, पानांतले तुकडे वेचले. तेवढ्यात आमच्यातला कुणीतरी मागे वळला असणार आणि त्याने मोबाइल धरला असणार. व्हिडिओ तिथून सुरू होतो. वेलन मला एवढंच म्हणाला होता, "बच्चा ठीक?"

ईशानीला शाळेच्या रिक्षात बसवून आले आणि विश्वेशसमोर फोन ठेवला. तो डबा भरत होता.

"लिहून टाक ना, आम्ही पक्षी बघत होतो. खोटं थोडंच आहे? मी बघतच होतो."

"मी नव्हते बघत."

"मालू, वो कानूनी मामला है. जंगलातल्या जनावराला खायला घातलं, असं तू स्वतः लिहून देणार. उद्या माझ्या ऑफिसात कागद आला तर? रेल्वेत एकदा चौकशी लागली ना, की प्रमोशन गेलंच."

"आणि त्याचं कार्ड?"

"लोकल आदमी है. सगळे ओळखतात त्याला. होईल काहीतरी."

सासूबाई देवघरातून म्हणाल्या, "माकडाला बिस्किट घातलं तर गुन्हा? इथे लोक मंगळवारी टोपल्या भरभरून चणे घालतात, त्यांना पुण्य लागतं. अजब गाव आहे बाई."

"आई, तू मध्ये बोलू नकोस," विश्वेश म्हणाला.

"मी देवाशी बोलतेय."

तो गेल्यावर मी तीनदा लिहायला बसले. एकदा लिहिलं, 'गडबडीत नीट दिसलं नाही.' वाचलं आणि पुसलं. भांडी घासून झाली होती, ती पुन्हा घासली. बारा वाजता वेलनला फोन लावला. पहिल्या घंटीला उचलला.

"मैं बनारस से. ईशानी की मम्मी."

"हां हां मॅडम. बच्चा ठीक?"

"भय्या, आपने बताया नहीं उनको? कि मैंने डाला?"

"नहीं बोला."

"क्यों?"

"गेस्ट का नाम बोलेगा, फिर कौन गेस्ट मेरे साथ आएगा?" मग म्हणाला, "बच्चा छोटा है. माँ डर गया. मैं देखा."

"और मैं लिख दूँ तो?"

मागे कोंबड्या ऐकू येत होत्या. "मैं खिलाया, तो कार्ड कभी नहीं मिलेगा. गेस्ट खिलाया, मैं ध्यान नहीं दिया, तो तीन महीना बंद. फिर मिलेगा." आणि घाईघाईने, "आपका मर्ज़ी मॅडम. मैं नहीं बोलता हूँ लिखो."

साडेचारला विश्वेशचा फोन आला. ईशानी माझ्या मांडीवर बसून वहीत जळू काढत होती.

"लिहिलंस?"

"लिहिलं."

"काय लिहिलंस?"

"जे झालं ते. माझं पूर्ण नाव, पत्ता."

"पाठवलंस?"

"पाठवतेय."

"मालू, रुक. सहाला येतो, बसून बोलू."

"पाचची वेळ दिलीय, विश्वेश."

"एक दिवस उशीर झाला तर कुणी फाशी नाही देणार!"

"तुला नाही देणार," मी म्हटलं आणि फोन ठेवला. ईशानीनेच विचारलं, "आई, हे बटण दाबायचंय का?" नको म्हटलं. माझं मी दाबलं.

दोन दिवस विश्वेश माझ्याशी पोळी आणि भाजी एवढंच बोलला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "विचारायचं तरी होतंस." मी म्हटलं, "विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास." तो म्हणाला, "हो." ते खरंच होतं, त्यामुळे पुढे भांडणही झालं नाही. दाराची बेल वाजली की मात्र आम्ही दोघंही थबकायचो.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. वेलनला तीन महिने बंदी, मग कार्ड परत. मला दंड. आणि आम्हा तिघांना त्या जंगलात पाच वर्षं प्रवेश नाही. ईशानीने बोटांवर मोजलं. "म्हणजे मी नऊ वर्षांची होणार?" तिला मी कारण सांगितलं, सगळं. ती म्हणाली, "पण ते माकड तर चांगलं होतं. मला घाबरवलं पण नाही त्याने."

मी वेलनला फोन केला. रेंज तुटत होती.

"मालूम पड़ा मॅडम. ऑफिस बोला. ठीक है."

"घर पर हैं?"

"नहीं. वही पत्थर के पास."

"कार्ड तो नहीं है आपके पास."

"गाईड नहीं. ऐसे ही बैठा हूँ." तो दबक्या आवाजात बोलत होता, नियमाप्रमाणे. "वो आता है मॅडम. सबेरे. नीचे उतरता है, पत्थर पर बैठता है, देखता है. कल साथ में और तीन लाया, एक के पेट पे बच्चा. इधर से रोड पास है. चाय का लॉरी जाता है. मैं आवाज़ करता, पत्ता मारता, तो ऊपर जाता."

"कब तक बैठेंगे?"

"बिस्किट भूल जाएगा तब तक." मग त्याने सरळ, माहिती हवी म्हणून विचारावं तसं विचारलं, "आपके यहाँ कितना दिन में भूलता है?"

मी गॅस बंद केला. काहीतरी बरं बोलता आलं असतं. पण एवढं केल्यावर आता त्याच्याशी खोटं कुठे बोलू?

"नहीं भूलता, भय्या."

"अच्छा," तो म्हणाला. मग त्याने फोन बाजूला ठेवला असावा, कारण त्याचा हाकलायचा आवाज लांबून आला, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा रेंज गेली.