बासष्ट विसा पाकोळ्या

पुस्तिका आली तेव्हा बानू पदराखाली होती. आत्यांनी पाकीट आणून माझ्या मांडीशी टाकलं.

"घ्या, तुमच्या वाघळाच्या बाईचं आलंय."

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, अनसाबाई. किणीकर मॅडमचं नाव त्यांनी दोन वर्षांत एकदाही घेतलं नाही. त्यांच्या लेखी त्या वाघळाची बाई, आणि मी वाघळाची सून.

मी एका हातानं पाकीट फोडलं आणि पुस्तिका मागच्या बाजूनं उघडली. मदत करणाऱ्यांची नावं शेवटच्या पानावर येतात, असं मॅडमनी सांगितलं होतं. होतं नाव. साधना मल्हार ठोंबरे, ठोंबरेवस्ती, तालुका शिरूर. तीनदा वाचलं. लग्नाच्या पत्रिकेनंतर पहिल्यांदाच छापून आलं होतं. बानूला दाखवलं, तर तिनं तोंड सोडून पानच ओढलं आणि कोपरा चावला.

मग मी पानं उलटत पुढं आले. एकतिसाव्या पानावर नकाशा होता. घोड आणि भीमा या दोन नद्यांमधला सगळा मुलूख, शिरूरपासून दौंडपर्यंत, आणि त्यावर काळे ठिपके. कुठल्या जातीचं वटवाघूळ कुठं राहतं ते दाखवणारे. ठिपक्यांना आकडे, आणि खाली आकड्यांपुढं ठिकाणं.

अकरा नंबरला लिहिलं होतं : गेणबाची बारव, ठोंबरेवस्तीच्या पूर्वेस दीड किलोमीटर, बिरोबाच्या देवळामागील घळीत. त्यापुढं जागा बिनचूक सांगणारे यंत्राचे आकडे.

बानू रडायला लागली. मी तिला फार जोरात आवळलं असणार.

*

मॅडम पहिल्यांदा आल्या तेव्हा मला पाचवा महिना होता. शिरूरच्या कॉलेजातल्या सरांनी त्यांना माझं नाव दिलं होतं. प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली, वस्तीवर राहणारी मुलगी त्यांना हवी होती. काम काय, तर वटवाघळांच्या लेंड्या गोळा करायच्या, पाण्यात भिजवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली सुईनं वेगळ्या करून त्यांनी कुठले किडे खाल्ले ते ओळखायचं. पंखाचा तुकडा, पायाचा काटा, पाठीचं कवच.

"शिकल्याली सून केली," आत्या शेजारच्या सिंधूबाईंना सांगत, "आन् ती बसली बघा लेंड्या निवडत. मेंढरांच्या ऱ्हायल्या, वाघळांच्या निवडतीया!"

मल्हार रांजणगावच्या कंपनीतून पाळी संपवून यायचा, माझ्या खांद्यावरून वाकून एक डोळा मिटून बघायचा आणि विचारायचा, "आज काय मेनू?"

आज हुमणी, मी सांगायची. उद्याही हुमणीच. उसाची मुळं खाणारी ती पांढरी अळी, तिचे भुंगेरे वळवाच्या सुमारास लिंबा-बाभळीवर येतात. त्यांच्या तपकिरी कवचाचे तुकडे लेंडीत सापडले की मला कुणाचं तरी गुपित हाती लागल्यासारखं वाटे. मॅडम दर गुरुवारी पुण्याहून गाडीनं दौंडला यायच्या. मी बसनं जाऊन त्यांना स्टेशनवर निवडलेल्या तुकड्यांच्या बाटल्या द्यायची आणि त्या माझ्यासाठी कोऱ्या काचपट्ट्या आणायच्या. कौतुक करताना त्या माझा हात हातात घ्यायच्या. बानू झाली तेव्हा स्वतः विणलेली पिवळी टोपी घेऊन आल्या आणि खुर्ची असूनही जमिनीवर बसल्या. ते मी फार दिवस जपून ठेवलं होतं.

बारव मात्र त्यांना ठाऊक नव्हती. बाहेरच्या कुणालाच नव्हती. ती गेणबामामांची, म्हणजे आत्यांच्या थोरल्या भावाची. त्यांच्या बापजाद्यांनी तिथं मेंढरं पाजली. पाणी आटलं, दगडी पायऱ्या राहिल्या, आणि आत लहान वटवाघळांनी वस्ती केली. मामा त्यांना पाकोळ्या म्हणतात. बिरोबाची पाखरं. त्या घळीत चूल पेटवायची नाही, विडी ओढायची नाही आणि परक्याला वाट दाखवायची नाही, हा त्यांच्या घरचा नेम. मामा पोरवयाचे असताना, गुडघेदुखीवर पाकोळ्यांचं तेल काढायचं म्हणून कुणीतरी तिथं धूर केला होता. त्या वर्षी पाखरं गेली ती सात वर्षं आली नाहीत.

मी मामांच्या मागं लागले. त्यांना वळवायला दोन महिने गेले. "मामा, तुमची पाखरं हुमणी खात्यात हे नुसतं लिहून ठेवायचंय. जागा कुणाला कळणार न्हाई." शेवटी ते म्हणाले, "आण तुझ्या बाईला. पर आदी बेलभंडारा उचलायचा."

देवळात त्यांनी तळहातावर बेलाचं पान ठेवलं, त्यावर भंडाऱ्याची चिमूट, आणि हात मॅडमपुढं केला. हे उचलून दिलेला शब्द आमच्यात कोर्टाच्या कागदापेक्षा मोठा.

मॅडमनी हात जोडले. "मामा, माझा यावर विश्वास नाही. विश्वास नसताना उचलणं म्हणजे तुमच्या देवाची चेष्टा होईल. मी तुम्हाला नुसता शब्द देते. बारवेचं नाव कुठं येणार नाही."

"शबुद वाऱ्यावर जातू, बाई," मामा म्हणाले. हात तसाच.

मला मॅडमचा केवढा अभिमान वाटला तेव्हा. दुसरं कुणी असतं तर पटकन उचलून मोकळं झालं असतं. जी बाई खोटी शपथ घेत नाही, ती खोटं कशाला बोलेल?

"मी उचलते, मामा," मी म्हटलं. "मॅडमच्या वतीनं."

मामांनी माझ्याकडं, मग माझ्या पोटाकडं पाहिलं. "दुसऱ्याच्या वतीनं उचलत न्हाईत, पोरी. ज्यानं उचलला त्याच्याच गळ्यात पडतू."

"पडू द्या," मी म्हटलं, आणि उचलला.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं बारवेच्या काठावर बसलो. दिवस मावळला आणि पाकोळ्या बाहेर पडायला लागल्या, एवढ्या दाट की मॅडमची मोजणी पहिल्या मिनिटातच चुकली. मामा हसले. वाघरीतून, म्हणजे जाळीच्या वाड्यातून, मेंढरं सोडताना मोजतात तसे ते पाच-पाचाचे घोळके नजरेनं तोडत होते. वीस झाली की एक खडा. अंधार पडल्यावर त्यांनी खडे माझ्या ओंजळीत ओतले. बासष्ट. बासष्ट विसा, म्हणजे बाराशे चाळीस. मॅडमनी तोच आकडा वहीत लिहिला. तोच आता पुस्तिकेत होता, अकरा नंबरपुढं.

*

गुरुवारी बानूला काखेत घेऊन दौंड गाठलं. मॅडम फलाटावरच्या बाकावर होत्या. बानूला पाहून त्यांनी दोन्ही हात पुढं केले. "टोपी नाही घातली आज?"

मी पुस्तिका उघडून त्यांच्यापुढं धरली. बोटानं अकरा नंबर दाखवला.

"हं," त्या म्हणाल्या. "मला वाटलंच तू विचारशील."

"मॅडम, तुम्ही शब्द दिला होता."

"अगं, दिला होता, तेव्हा मनापासून दिला होता. पण ठिकाण नसेल तर तो नकाशा कसला? उद्या दुसऱ्या कुणाला जाऊन पडताळता आलं पाहिजे. तीच तर शास्त्राची अट. सतरातली एक जागा लपवली असती तर उरलेल्या सोळांवर कुणी विश्वास ठेवला असता? आणि तुझी जागा सगळ्यात मोठी."

"मग मला आधी का नाही विचारलंत?"

शेजारच्या फलाटावर गाडी लागली, माणसं धावली. मग त्या हळूच म्हणाल्या, "विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

मी म्हटलं, "मी मामांपुढं बेलभंडारा उचललाय."

"साधना," त्यांनी माझा हात हातात घेतला, नेहमीसारखाच. "तू उचललास. मी तर तुझ्यासमोरच नाही म्हणाले होते ना?"

मी हात सोडवून घेतला. मग विचारलं, पुस्तिका आणखी कुणाकुणाला गेली. कारखान्याच्या शेतकी खात्याला, त्या म्हणाल्या, आणि एका वर्तमानपत्राला. "शेतकऱ्यांना कळायला नको का, हुमणी कोण खातं ते? तुझंही नाव येईल बघ."

बसमध्ये बानू मांडीवर झोपली. मी ठरवत होते, आज उतरल्यावर थेट मामांकडं जायचं. उतरले आणि घरी गेले. म्हटलं, एवढंएवढं पुस्तक, कोण वाचतंय. शुक्रवारी म्हटलं, उद्या. पुस्तिका पिठाच्या डब्याखाली ठेवली.

रविवारी बातमी आली. उसाला वाचवणारी वटवाघळं, शेतकऱ्यांनी जरूर पाहावीत. खाली बारवेचा पत्ता, आणि माझं नाव. दुपारपासून वस्तीवरून मोटरसायकली जायला लागल्या. एक ट्रॅक्टर भरून माणसं आली. "ठोंबऱ्यांच्या सूनबाई कोन? वाट दावा की, वैनी!" मी कडी लावून आत बसले. घळीकडून फटाक्यांचा आवाज आला. पाखरं उडालेली बघायची होती त्यांना. सोमवारी दोघं पोती आणि मिरच्या घेऊन आले, म्हणे म्हातारीच्या गुडघ्याला तेल पाहिजे. मल्हारनं त्यांना देवळापाशी अडवलं, पण त्यांच्या आधीही कुणीतरी धुरी देऊन गेलं होतं.

मंगळवारी दिवस कलताना मी बानूला घेऊन बारवेवर गेले. मामा काठावर बसले होते. खालच्या पायऱ्यांवर जळक्या पोत्याचा काळा डाग, फटाक्यांचे कागद. मी अलीकडंच उभी राहिले.

पाकोळ्या निघाल्या. निघाल्या म्हणजे एक, मग थांबून दोन, मग बराच वेळ नुसतं आभाळ. मामांच्या हातात खडे होते. त्यांनी दोन खाली ठेवले. तिसरा ठेवायला हात नेला, थांबले आणि तो तसाच मुठीत ठेवला.

"मामा," मी म्हटलं, "मला मागच्या आठवड्यात सोमवारीच कळलं होतं. पुस्तक आलं होतं. मी आले नाही सांगायला."

त्यांची नजर बारवेच्या तोंडावर होती.

"आदल्या दिवशी जरी सांगितलं असतं तरी तुम्ही घळीच्या तोंडाला बसला असता. मी नाव बघत बसले, मामा. माझं नाव."

बानूनं त्यांच्या पागोट्याकडं हात केला. ती नेहमीच करते. मामा उठले, कनवटीची भंडाऱ्याची पिशवी सोडली आणि तिच्या कपाळाला चिमूट लावली. पिवळा कण तिच्या पापणीवर पडला, तो त्यांनी अंगठ्यानं अलगद पुसला.

"लेकराला काय व्हायचं न्हाई," ते म्हणाले. "त्येचं त्येला काय ठावं."

मी माझं कपाळ पुढं केलं. लग्न होऊन आल्यापासून मामांनी मला भंडारा लावला नाही असं कधी झालं नव्हतं. त्यांनी पिशवीचा नाडा ओढला, गाठ मारली आणि ती परत कनवटीला खोचली.

"अंधार व्हायलाय," ते म्हणाले. "वाटंत दगडं हायती. सावकाश जावा तुम्ही, बाई."

आत्तापर्यंत मी त्यांची पोर होते. ये, बस, गिळलंस का काही, असं बोलत. तुम्ही आणि बाई ते मॅडमना म्हणायचे.

मी बानूला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि घळ उतरले. मागं वळून पाहिलं तर ते पुन्हा काठावर बसले होते, तिसरा खडा मुठीत धरून, आणखी काही बाहेर येतंय का ते बघत.