वादळातले चार अंश

मित्रांनो, दक्षिण समुद्रातल्या लाउतोका बंदराच्या सरकारी विषपरीक्षा प्रयोगशाळेच्या मागे, आंब्याखाली एक फ्रीज पडून आहे. त्याला दार नाही. तो जुना, गंजलेला फ्रीज म्हणजे मी. दार मुद्दाम काढले आहे, कारण खेळता खेळता मुले आत शिरतात आणि मग बाहेर येत नाहीत. आता माझ्यात कोंबड्या अंडी घालतात. पण माझ्या हातून झालेली एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला गंजून जायचे नाही.

माझा जन्म न्यूझीलंडच्या एका कारखान्यात झाला. बोटीत चढवले तेव्हा खोक्यावर आरोग्य खात्याचे नाव होते. मला वाटले, आपण लहान मुलांच्या लशी सांभाळणार. पण लाउतोकाच्या धक्क्यावर उतरल्यावर मला दवाखान्याऐवजी या इमारतीत आणले, आणि पहिल्याच दिवशी माझ्या मधल्या फळीवर एका माणसाच्या पोटातले शेवटचे जेवण बरणीत घालून ठेवले. तेव्हापासून बावीस वर्षे मी मेलेल्यांचे रक्त सांभाळले. उसातले गवत मारायचे औषध प्यालेले, स्टोव्हचे स्पिरिट दारू म्हणून प्यालेले, आणि काय झाले ते कोणालाच न कळलेले. या कामाची सवय होते, असे सगळे म्हणतात. मला झाली नाही.

आमच्या मुख्य विषतज्ज्ञ होत्या कमलावती गौंडर. सगळे त्यांना मॅडम म्हणत. नळी काढताना त्या नंबर वाचत नसत, नाव वाचत. "ये बाबा," असे पुटपुटत आणि मग झाकण उघडत. जेवायच्या आधी तीनदा हात धुवून बोटांचा वास घेत, आणि मगच मागच्या पायरीवर बसून रोटीची पुरचुंडी सोडत. त्यांच्या हाताखाली इलिसोनी नावाचा सहायक होता. धिप्पाड, थट्टेखोर आणि मनाने मऊ.

"मॅडम, हा फ्रीज माझ्या बायकोपेक्षा बरा," तो म्हणे. "कितीदा दार उघडा, कुरकुर नाही."

"तिला सांगू का?"

"नको हो. मग मलाच याच्यात ठेवावं लागेल."

ते कौतुक ऐकून मी फुगून जात असे. मला चार अंशांवर राहायचे होते आणि मी राहत होतो. माझ्या दारावर चिमट्यात एक तक्ता लटकलेला असे. रोज सकाळी आणि संध्याकाळी माझा काटा बघायचा, आकडा चौकटीत लिहायचा, आणि आठवड्याच्या शेवटी खाली मॅडमची सही. हळूहळू माझ्या दाराचे रबर खालच्या कोपऱ्यात फाटले. नवे मागवायला मॅडमनी चारदा पत्र लिहिले, चारदा काही आले नाही. इलिसोनीने सायकलच्या ट्यूबने मला आवळून बांधले, आणि काम चालू राहिले.

मग ते वादळ आले. आदल्या दिवशी बाजारातून बेटावर परतणारी एक छोटी बोट प्रवाळाच्या कडेवर उलटली होती. नावाडी आपेनिसा आणि दोन बायका बुडाल्या. आपेनिसाच्या रक्ताची नळी आणि त्याच्या डोळ्याच्या गोळ्यातून काढलेल्या पाण्याची इवलीशी कुपी माझ्याकडे आली. रक्त टिकवणारी पावडर घातलेल्या नळ्या त्या महिन्यात कुठेच मिळत नव्हत्या, म्हणून रक्त साध्या नळीत होते. त्याच संध्याकाळी दारे-खिडक्यांना फळ्या ठोकून सगळे घरी गेले.

रात्री वीज गेली. जनरेटर आपोआप सुरू झाला, दोन तास धडधडला आणि बंद पडला. मी फाटक्या रबरातून उन्हाळा आत घेत राहिलो. दहा अंश, वीस, तीस. मित्रांनो, साध्या नळीतले मेलेल्याचे रक्त गरम राहिले की त्यातल्या साखरेची आंबून दारू होते. माझ्या पोटात ती होत होती आणि मला ओरडता येत नव्हते. तिसऱ्या दिवशी वीज आली, आणि चौथ्या दिवशी सकाळी इलिसोनी आला तेव्हा माझा काटा पुन्हा चारवर होता. तक्त्यात तीन दिवसांच्या सहा चौकटी रिकाम्या होत्या. त्याने सहाही ठिकाणी ४ लिहिले. शुक्रवारी मॅडमनी खाली सही केली.

आपेनिसाच्या रक्तात मद्य निघाले, मर्यादेच्या वर. साध्या नळीकडे बघून मॅडमच्या कपाळाला आठी पडली होती. पण त्यांनी माझा तक्ता बघितला, सगळीकडे चार होते. त्यांनी अहवाल दिला. रक्तानेच उत्तर दिल्यावर डोळ्याच्या कुपीला कोणी हात लावला नाही.

पाच महिन्यांनी एक बाई आली. आपेनिसाची बायको मेरेसियाना, बेटावरच्या शाळेत शिक्षिका. नातेवाइकांना आत यायची परवानगी नसते. मॅडम दारातच म्हणाल्या, "अहवाल मला बदलता येत नाही हो."

"बदलायला नाही आले. माझा नवरा चर्चमध्ये प्रार्थना सांगायचा. चौदा वर्षं त्यानं थेंब घेतला नव्हता. पण कागद म्हणतो प्यायला होता, तर त्याच्या वतीनं आम्ही, आमच्या रीतीप्रमाणे देवमाशाचा दात घेऊन, त्या दोन्ही बायकांच्या घरी माफी मागायला गेलो. एका घरानं घेतला. दुसऱ्या घरानं चटईवर तसाच पडू दिला. माझ्या वर्गातली मुलंसुद्धा कुजबुजतात. त्याचं रक्त कुठे ठेवलं होतं तेवढं दाखवा. मग जाते."

मॅडमनी तिला माझ्यासमोर आणले. तिने माझ्या दारावरच्या चिमट्यातले जुने तक्ते मागे उलटले. त्या आठवड्यापाशी तिचे बोट थांबले.

"बाई, वादळात तुम्ही इथे होता?"

"नाही. कोणीच नव्हतं."

"मी रोज हजेरी घेते. वादळात शाळा बंद, म्हणून या तीन दिवसांवर माझ्या वहीत लाल रेघ आहे. तुमच्याकडे सगळे हजर कसे?"

इलिसोनी कोपऱ्यातून पुढे आला.

"मीच भरले, मॅडम. रिकामी चौकट दिसली की तपासणीवाले छळतात. काटा चारवर होता म्हणून..."

"आणि खाली सही कोणाची आहे?"

"तुमची."

"मग तुझ्या एकट्याचं नाही हे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती कुपी काढली. डोळ्यातले पाणी रक्तासारखे लवकर आंबत नाही. "ये आपेनिसा," त्या म्हणाल्या, आणि झाकण उघडले. कुपीत मद्य नव्हते, अगदी शून्य.

संचालक खोलीचे दार लोटून बोलले, पण मला ऐकू आले. "कमलावती, त्या दिवसांत याच्यात सात जणांचं रक्त होतं. सगळी प्रकरणं उघडतील. वकील फाडून खातील तुला. दोन वर्षांनी निवृत्त होतेस ना?"

"खाऊ देत. त्या माणसाला मी फाडलंच आहे की."

नवा अहवाल गेला. पण इलिसोनी म्हणाला, "मॅडम, आमच्यात कागदानं माफी होत नाही." तो त्याच्या गावाहून दात घेऊन आला, जुना, तेलाने पिवळा झालेला. मेरेसियाना तिच्या थोरल्या दिराला घेऊन आली. माझ्यासमोर फरशीवर चटई अंथरली. मॅडम मांडी घालून खाली मान घालून बसल्या, आणि इलिसोनीने दोन्ही हातांत दात धरून त्यांच्या वतीने माफीचे शब्द म्हटले. मध्येच तो रडू लागला, तरी शब्द सोडले नाहीत. दिराने दात हातात घेतला, म्हणजे क्षमा झाली.

"दिरांनी घेतलं ते घराचं," मेरेसियाना म्हणाली. "माझं राहिलंय." तिने पर्समधून लाल पेन काढून मॅडमच्या हातात दिले. "रेघ मारा."

मॅडम उठल्या. माझ्या दारावरचे सहाही चार त्यांनी एकेक रेघेने खोडले, शेजारी सही आणि तारीख घातली. पेनाचा प्रत्येक दाब माझ्या पत्र्याला लागत होता.

"आता त्या दोन घरी कोण सांगणार?"

"मी," मॅडम म्हणाल्या. "शनिवारची बोट किती वाजता सुटते?"

तिथे काय झाले ते मी पाहिले नाही. सोमवारी मॅडमनी पिशवीतून तारोचे, आपल्या अळूसारखे, दोन कंद काढून इलिसोनीपुढे ठेवले. "त्या दुसऱ्या घरातून पाठवलेत," एवढेच त्या म्हणाल्या.

नवा फ्रीज आला, मला इथे ठेवले. पण मित्रांनो, सातातला एकच सुटला. उरलेल्या सहा जणांची डोळ्याची कुपी नव्हती. त्यांच्या अहवालांवर आता शेरा आहे, 'सांगता येत नाही.' ते प्यायले होते की मीच त्यांना दारुडे ठरवले, हे कोणालाच कधी कळणार नाही. रात्रंदिवस माझ्या पोटात असूनही मला कळले नाही.

म्हणून हात जोडून सांगतो. फाटलेले रबर वेळेवर बदला. आणि जे पाहिले नाही, त्याची चौकट रिकामी सोडा. तुम्ही लिहिलेल्या आकड्यामागे कोणीतरी निजलेले असते, आणि त्याला उठून नाही म्हणता येत नाही.